वाटी काढून ठेवा: फ्लॅटमधल्या कुत्र्याचे बारा महिने

कुत्र्याला रिकामा वेळ खायला उठतो आणि मग तो सोफा खायला उठतो. टू बीएचकेत राहणारा लॅब्रॅडॉर, बीगल किंवा इंडी दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं खाली जाऊन येतो. उरलेल्या वेळातले बारा-चौदा तास तो झोपतो, ते योग्यच. मोठ्या कुत्र्याला तेवढी झोप लागतेच. तरी नऊ-दहा तास शिल्लक राहतात. चावलेल्या चपला, फाटलेल्या उशा, शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सगळं त्याच तासांतून येतं.

यावर बहुतेक घरांतला उपाय ठरलेला आहे: दमवा त्याला. पार्किंगमध्ये चेंडू फेकायचा, त्यानं आणायचा, पुन्हा फेकायचा. त्या दिवशी कुत्रा आडवा होतो. पण रोज अर्धा तास धावणाऱ्याचा दम वाढत जातो. दोन महिन्यांनी त्याला पाऊण तास लागतो आणि तो तुमच्याकडे नसतो. चेंडू दिसला की अंगात आल्यासारखं करणाऱ्या कुत्र्याला शांत बसायचंच माहीत नसतं. त्यात पार्किंगची गुळगुळीत फरशी. वेगात वळताना मागचा पाय सटकला की गुडघ्यातला लिगामेंट तुटू शकतो, आणि ते ऑपरेशन स्वस्त नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण. मार्च ते मे ऊन, जून ते सप्टेंबर पाऊस. मनसोक्त पळवता येईल असे महिने चार-पाचच. म्हणून हिशोब असा ठेवा: पायांचं काम ऋतूप्रमाणे कमी-जास्त, नाकाचं काम बारा महिने, रोज. पंधरा मिनिटं नीट हुंगून शोधलं की बरेच कुत्रे आपणहून कोपरा गाठून झोपतात.

जेवण हीच मजुरी

सुरुवात जेवणाच्या वाटीपासून. ती काढून कपाटात ठेवा. समजा पाकिटावर तुमच्या कुत्र्याच्या वजनाला दिवसाचं ३२० ग्रॅम कोरडं खाणं लिहिलंय. सकाळीच ते काट्यावर मोजून एका डब्यात काढा. त्यातलं १०० ग्रॅम घरभर शोधायला, १०० ग्रॅम हुंगण्याच्या मॅटमध्ये, ६० ग्रॅम शिकवताना बक्षीस म्हणून आणि ६० ग्रॅम भिजवून रबरी खेळण्यात. डबा संपला की दिवसाचं जेवण संपलं. चूक होते ती इथेच: वाटी चालूच राहते, वर खेळातला खाऊ, आणि तीन महिन्यांत लॅब्रॅडॉरची कंबर नाहीशी होते.

घरचं जेवण देत असाल तर दही-भात लपवता येत नाही, हे खरं. ज्वारीची मीठ न घातलेली भाकरी शंकरपाळ्याएवढी तोडा आणि मंद आचेवर तव्यावर कडक करा. दोन-तीन दिवस टिकते, हाताला चिकटत नाही. उकडलेलं चिकन हाडं काढून, उकडलेलं रताळं, गाजर, काकडी हेही चालतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट अजिबात नको. पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं असेल तर ती कुत्र्यासाठी विष आहे.

आता ‘शोध’ हा शब्द शिकवा. पहिल्या दिवशी त्याच्या देखत चार दाणे जमिनीवर टाका, ‘शोध’ म्हणा, खाऊ द्या. असं आठ-दहा वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला थांबवून दाणे खुर्चीच्या पायामागे, दाराच्या आड ठेवा; ठेवताना त्याला दिसू द्या. चौथ्या दिवसापासून त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून लपवा. आठवड्याभरात एका खोलीत दहा ठिकाणं जमतात. उंचावर, म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर किंवा खुर्चीच्या बैठकीवर ठेवायची घाई करू नका. जमिनीवरचं पक्कं झाल्याशिवाय कुत्रा मान वर करत नाही.

तो अडला की आपलं बोट आपोआप पुढे जातं. ते आवरा. दोनदा बोट दाखवलंत की कुत्रा नाक बंद करून तुमच्या हाताकडे बघत बसतो, आणि खेळ तिथेच संपला. फारच अडला तर तुम्ही स्वतः त्या दिशेला दोन पावलं जाऊन उभे राहा, बस्स. फिनाईलनं लादी पुसल्यावर तासभर हा खेळ नको. वासही दबतो आणि चाटण्यातून पोटातही जातं. आणि छताचा पंखा बघा. पंखा फुल असेल तर वास सगळ्या खोलीत फिरतो आणि कुत्रा सोफ्याभोवती घिरट्या घालतो, दाणा मात्र टीव्हीखाली असतो. शिकवताना पंखा बंद, तरबेज झाला की मुद्दाम चालू. मग नाक वर करून, हवेत वास पकडून तो हळूहळू एका जागी कसा खाली उतरतो, ते बघण्यासारखं असतं.

हुंगण्याची मॅट बाजारात मिळते, पण घरी होते. सिंकमध्ये भांड्यांखाली टाकतात ती भोकांची रबरी मॅट घ्या, साधारण ३० बाय ३० सेंटिमीटर. जुने टी-शर्ट कापून ३ सेंटिमीटर रुंद, १८ सेंटिमीटर लांब पट्ट्या करा. चार-पाच शर्ट सहज लागतात. प्रत्येक पट्टी शेजारशेजारच्या दोन भोकांतून वर काढून एकच घट्ट गाठ मारा. गाठी दाट हव्यात, विरळ मॅटमध्ये दाणे खाली सांडतात आणि अर्ध्या मिनिटात खेळ आटोपतो. वापरून झाली की उलटी झटका, आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात कडक वाळवा, नाहीतर मुंग्या लागतात. खाणं संपल्यावर मॅट लगेच उचला. पट्ट्या उपटून गिळणाऱ्या कुत्र्याला ही मॅट देऊच नका. कापड आतड्यात अडकलं तर पोट उघडावं लागतं.

त्याहून सोपं म्हणजे आप्पेपात्र. बिडाचं असेल तर उत्तम, जड असल्यामुळे घरभर सरकत नाही. नॉनस्टिक नको, दातांनी थर निघतो. खळग्यांत चार-चार दाणे घाला आणि एकाआड एक खळग्यावर चेंडू ठेवा. चेंडू कुत्र्याच्या तोंडात पूर्ण जाणार नाही एवढा मोठाच हवा. लहान तोंडाच्या कुत्र्याला टेनिसचा चेंडू या कामापुरता ठीक. रोज चघळायला दिला तर त्याचं खरखरीत कापड दात झिजवतं.

पोकळ रबरी खेळणं घेताना भोकं मोजा. स्वस्तातल्या काही खेळण्यांना एकच भोक असतं. चाटता चाटता आत निर्वात होतं आणि जीभ अडकून सुजते. दोन्हीकडे भोकं असलेलंच घ्या. बारीक भोक भाकरीच्या तुकड्यानं बुजवा, भिजवलेलं खाणं आणि दही भरा, रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी तुम्ही ऑफिसला निघताना द्या. वीस-पंचवीस मिनिटं पुरतं, आणि दार बंद होतानाचा तो भुंकण्याचा कार्यक्रम बराच कमी होतो. पहिल्यांदा मात्र गोठवू नका. नवशिक्याला बर्फाचा गोळा दिला तर तो सोडून देतो.

उन्हाळा

कुत्र्याला घाम येतो तो जवळपास तळपायांनाच. बाकी सगळी उष्णता धापेतून जाते, जिभेवरचं पाणी उडून. म्हणून नागपूर-अकोल्याच्या कोरड्या ४४ अंशांत आणि मुंबई-रत्नागिरीच्या दमट ३४ अंशांत धोका वेगवेगळ्या कारणांनी असतो. दमट हवेत पाणी उडतच नाही, कुत्रा धापतो पण थंड होत नाही. पारा कमी दिसतो म्हणून कोकणपट्टीतली माणसं फसतात.

एप्रिल-मेमध्ये फेरी सूर्य वर यायच्या आत. नागपुरात मेमध्ये साडेपाचच्या सुमाराला उजाडतं, पुण्यात सहाला. संध्याकाळी सात वाजले म्हणून लगेच उतरू नका. डांबर तेव्हाही तापलेलं असतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर त्याचे पायही टेकवू नका. अर्ध्या तासाची फेरी पंधरा मिनिटांवर आणा आणि ती पूर्ण त्याच्या नाकाला द्या: एकच झाड तीन मिनिटं हुंगायचं असेल तर हुंगू द्या. डॉग वॉकर ठेवला असेल तर त्यालाही हे सांगून ठेवा. तीन कुत्रे एका हातात धरून ओढत नेणारा वॉकर पैसे घेतो आणि कुत्र्याचं मुख्य काम तेवढं होऊ देत नाही.

दुपारी घरात पाण्याचे खेळ. टबमध्ये चार-पाच इंच पाणी, त्यात काकडीच्या चकत्या आणि गाजराचे तुकडे. स्टीलच्या डब्यात पाणी, बिनमिठाचं ताक किंवा कांदा-लसूण-मीठ न घातलेलं चिकनचं पाणी गोठवून मोठी लादी करा आणि बाल्कनीत ठेवा. तो चाटत बसतो. ट्रेमधले बर्फाचे छोटे कडक खडे कराकरा फोडायला देऊ नका, दाताचा टवका उडू शकतो. विदर्भ-मराठवाड्यात कूलरसमोर ओलं गोणपाट अंथरलं की काम भागतं. मुंबईत कूलर नुसता दमटपणा वाढवतो, तिथे पंखा आणि थंड लादी बरी. हस्की किंवा जर्मन शेफर्डचे केस उन्हाळ्यात पार भादरण्याची पद्धत आहे, ती चुकीची. तो दुहेरी कोट ऊनही अडवतो. आतले गळणारे केस विंचरून काढा, तेवढं पुरे.

उष्माघात ओळखता आला पाहिजे. न थांबणारी भसाभसा धाप, गडद लाल जीभ, चिकट दाट लाळ, लटपटणारे पाय, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे गेलं की घाई करा. सावलीत आणा, नळाचं साधं पाणी सगळ्या अंगावर ओतत राहा, पंखा लावा, आणि मग डॉक्टरकडे निघा. १०३ वर आलं की पाणी थांबवा. ओला टॉवेल अंगावर पांघरू नका. तो लगेच गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. तोंडात पाणी ओतू नका. पग, शिह त्झू, बुलडॉग, बॉक्सर या बसक्या नाकवाल्यांना तर मार्चपासूनच चेंडू बंद.

पावसाळा

खरी परीक्षा पावसाळ्यात. चार दिवस झड लागली की तिसऱ्या दिवशी घरात दंगा सुरू. तरी शू-शीसाठी बाहेर जावं लागतंच, तर पावसाची उघडीप धरून तीन-चार छोट्या फेऱ्या करा. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका आणि ते पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो आणि तो माणसालाही होतो. लेप्टोची लस मे संपायच्या आत झालेली हवी. पहिल्यांदाच देत असाल तर काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणून एप्रिलमध्येच डॉक्टरांना गाठा. दिव्याचे खांब आणि डीपी यांच्यापासून लांब चाला. ओल्या जमिनीत विजेची गळती असली तर शॉक अनवाणी चार पायांना आधी बसतो. रात्री बागेत भेक दिसला तर लीश आवरा. तोंडात धरला की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. अशा वेळी ओल्या कपड्यानं हिरड्या आणि जीभ पुसा, आणि तो झोकांड्या खायला लागला तर डॉक्टर.

घरी आल्यावर पाय धुणं सगळे करतात, बोटांमधली जागा कोरडी करणं विसरतात. तिथे ओल राहिली की बुरशी, आणि मग तो पाय चाटत बसतो. आपण म्हणतो, कंटाळलाय. लोंबत्या कानांचे लॅब्रॅडॉर आणि कॉकर असतील तर कानही आतून कापसानं टिपा. पाय पुसून घेणं हाच खेळ करता येतो: ‘पाय’ म्हटलं की एकेक पाय टॉवेलवर द्यायला शिकवा, पायाला एक दाणा. पाच दिवसांत जमतं.

आता खोके. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे सहा-आठ खोके जमवा, टेप आणि पिना काढून टाका. सगळे उघडे ठेवून एकात खाऊ ठेवा, ‘शोध’. खाऊचा खोका नेहमी तोच वापरा, नाहीतर सगळ्यांनाच वास लागून पहिल्याच आठवड्यात गोंधळ होतो. तो पटापट शोधायला लागला की झाकणं अर्धी लावा, मग खोके एकात एक घाला.

पुढची पायरी लवंगेची. कापसाचे चार-पाच छोटे बोळे काचेच्या बरणीत दहा-बारा लवंगांसोबत दोन दिवस बंद ठेवा. लवंगेचं तेल वापरू नका, ते नाकाला झोंबतं. एक बोळा चिमट्यानं उचलून भोकं पाडलेल्या छोट्या डबीत घाला, म्हणजे तो खाता येणार नाही. आधी डबीवर खाऊ ठेवून तिचा वास आणि बक्षीस यांची जोडी जमवा, दिवसाला पाच-सहा वेळा, चार दिवस. मग खाऊ डबीवर ठेवायचा नाही. डबी सापडल्यावर हातून द्यायचा, तोही डबीपाशीच. तुमच्याजवळ बोलावून दिलात तर त्याला वाटतं बक्षीस तुमच्याकडे येण्याचं आहे. पंधरा दिवसांत कुत्रा सगळ्या घरात एक लवंगेची डबी हुडकतो. एका वेळी चार-पाच शोध, त्याहून जास्त नाही. तो मधेच जांभया द्यायला लागला, पाणी प्यायला गेला, तर डोकं दमलंय.

रस्सीखेच घरात चालते. रस्सी आडवी ओढा, वर उचलू नका, मानेवर ताण येतो. ‘सोड’ म्हटल्यावर सोडलं तरच पुढचा डाव. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात पडत असतात, त्याच्याशी अगदी हलक्या हातानं. टाइल्सवर योगा मॅट किंवा सतरंजीखाली जाळीची रबरी मॅट घाला, आणि पंजाखालचे लांब केस व नखं कापा. घसरण्याचं निम्मं कारण तेच असतं. लेझरचा लाल ठिपका भिंतीवर नाचवणं मात्र बंद करा. हाती कधीच काही लागत नाही, आणि काही कुत्रे नंतर घड्याळाच्या काचेच्या कवडशामागेही वेड्यासारखे धावतात.

पाऊस सरल्यावर

ऑक्टोबरमध्ये टेकड्यांवर गवत पिवळं पडतं आणि कुसळ तयार होतं. पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला जाणाऱ्यांना हे पँटवरून कळतं. कुत्र्याला ते कळतं बोटांमध्ये, कानात आणि नाकात. कुसळाला उलटे काटे असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं आणि कातडीखाली शिरून गळू करतं. फिरून आल्यावर चारही पंजे बोटं फाकवून बघा, काखा आणि कानामागेही. फेरीनंतर एकदम शिंकांवर शिंका किंवा डोकं एका बाजूला झुकवून झटकणं सुरू झालं तर कुसळ आत गेलंय. घरी चिमटा घालू नका, डॉक्टरकडेच. त्याच हातानं गोचिडी बघा. गोचीड तापामुळे कुत्रा मलूल पडतो, खात नाही, हिरड्या पांढऱ्या दिसतात, आणि घरची माणसं ‘आळशी झालाय’ म्हणत आठवडा घालवतात.

आवाजाचा मोसम त्याआधीच सुरू झालेला असतो. जुलैपासून ढोल पथकांचा सराव, मग गणपती, मग फटाके. दिवाळीत संध्याकाळची फेरी पाचच्या आत उरका, गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्हींना लीश बांधा. घाबरलेला कुत्रा मागे सरकून पट्ट्यातून डोकं सोडवतो. आतल्या खोलीत पडदे, पंखा आणि गोठवलेलं रबरी खेळणं. फार भिणाऱ्यासाठी औषध असतं, पण त्याची चाचणी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना विचारून करा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र मोकळीक. पाच मीटरची लांब लीश घ्या आणि ती हार्नेसलाच अडकवा. पट्ट्याला लावली आणि तो जोरात धावला, तर सगळा झटका गळ्याला बसतो. मोकळ्या, मऊ मातीवर पळू द्या. सव्वा मीटरचा पाऊण इंची पीव्हीसी पाइप, त्यातून दीड मीटर बाहेर लोंबेल एवढी नायलॉनची दोरी आणि टोकाला कापडाचा गुंडाळा, असा चाबूक केला की पाच मिनिटांत कुत्र्याची हौस फिटते. गुंडाळा जमिनीवरूनच फिरवा, हवेत उडवू नका, आणि वर्षा-दीड वर्षाच्या आतल्या वाढत्या कुत्र्याला यावर गरगर वळवू नका. कारवानसारख्या शिकारी कुत्र्याला दोन-तीन जोरदार धावा लागतात आणि मग तो दिवसभर लोळतो; हस्कीला ओढायला आवडतं; बीगलला नुसतं हुंगत चालवलं तरी तो खूश. जेवणानंतर तासभर कुणालाच पळवू नका, विशेषतः जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला किंवा जंगलाच्या कडेला अंधारात नेऊ नका, बिबट्या कुत्र्यासाठी वस्तीत येतो. जानेवारीत गच्चीवर खेळवायचं असेल तर आधी मांजा झाडून काढा. पंजाही कापतो आणि जीभही.

फेब्रुवारी संपत आला की दर आठवड्याला सकाळची फेरी दहा मिनिटं अलीकडे आणा आणि चेंडूची वेळ दोन-तीन मिनिटांनी कमी करत जा. गुढीपाडव्यापर्यंत तो अंधारात उठायला सरावलेला असतो, आणि फ्रीजरमध्ये ताकाच्या डब्याला जागा करून ठेवलेली असली म्हणजे झालं.